पोस्ट सर्वांत शेवटी: सोशल मीडियावरून व्यवसाय वाढवताना पाळायचा क्रम

बहुतेक व्यावसायिक सोशल मीडियाची सुरुवात पोस्टपासून करतात. पेज उघडायचं, लोगो टाकायचा, दोन आठवडे रोज काहीतरी टाकायचं आणि रीच मिळत नाही, म्हणजे पोस्ट फारशा लोकांपर्यंत पोहोचत नाही, म्हटल्यावर पैसे देऊन ती जास्त लोकांना दाखवणारं बूस्टचं बटण दाबायचं. मग थोड्या चौकशा येतात, त्यांना उत्तर जायला दोन दिवस लागतात, तोवर ग्राहकाने दुसरीकडून खरेदी केलेली असते. शेवटी निष्कर्ष निघतो की आपल्या धंद्यात हे चालत नाही. अशा कित्येक पेजवरच्या पोस्ट खरं तर चांगल्या असतात, पण काम उलट्या टोकाकडून सुरू झालेलं असतं.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. आधी खात्यांची मालकी, मग एका माध्यमाची निवड, मग चौकशीची वाट, मग प्रोफाइल, त्यानंतर पोस्ट आणि पोस्ट चालतायत हे दिसल्यावर जाहिरात. पहिले चार टप्पे होईपर्यंत एकही नवी पोस्ट टाकली नाही तरी काही बिघडत नाही. उदाहरणासाठी मापानुसार कपाटं बनवून देणारा व्यवसाय घेतला आहे. तुमचा धंदा वेगळा असला तरी पायऱ्या याच राहतील.

## तयारी: मोबाइल बाजूला ठेवून करायचं काम

एक वही घ्या आणि तीन गोष्टी लिहून काढा.

पहिली, ग्राहकांचे प्रश्न. शेवटच्या वीस-पंचवीस ग्राहकांनी पैसे देण्याआधी काय काय विचारलं होतं? जुने मेसेज उघडा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. "ओल धरेल का?", "घर बदललं तर सुटं करता येईल का?", "बसवायला किती वेळ लागेल?" असे प्रश्न तुम्हाला रोजचे वाटतात, पण पुढचे कित्येक महिने पोस्टचा कच्चा माल यातूनच मिळणार आहे. ही यादी घाईत करू नका.

दुसरी, एका ऑर्डरमागे सगळा खर्च वजा जाता हातात किती उरतं. अंदाज नको, आकडा लिहा. सातव्या टप्प्यात त्याच्याशिवाय पाऊल टाकता येणार नाही.

तिसरी, महिन्याला जास्तीत जास्त किती काम पेलवेल. दहा कपाटांची क्षमता असताना तीस ऑर्डर घेतल्या की उशीर होतो, आणि उशिराच्या तक्रारी तुमच्याच पोस्टखाली सगळ्यांसमोर लिहिल्या जातात.

## टप्पा १: खाती तुमच्याच मालकीची आहेत ना?

हा टप्पा लोक सर्रास वगळतात आणि त्याची किंमत सर्वांत जास्त मोजतात. पेज एखाद्या ओळखीच्या मुलाने बनवून दिलेलं असतं, त्याच्याच ईमेलवर, त्याच्याच मोबाइल नंबरवर. तो नोकरी बदलतो, नंबर बंद होतो आणि काही वर्षांची मेहनत कुलूपबंद होते.

१. व्यवसायाच्या नावाने एक स्वतंत्र ईमेल उघडा. सगळी खाती त्याच ईमेलवर आणि तुमच्या ताब्यातल्या नंबरवर ठेवा.

२. फेसबुक पेजचा पूर्ण ताबा किमान दोन विश्वासू माणसांकडे असू द्या. एकाचं वैयक्तिक खातं काही कारणाने बंद पडलं तरी पेज दुसऱ्याच्या हातात राहतं.

३. सगळीकडे टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, सुरू करा. सोबत मिळणारे रिकव्हरी कोड कागदावर उतरवून तिजोरीत ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावा.

४. एजन्सीला काम देताना पासवर्ड देऊ नका. मेटा (फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपची मालक कंपनी) हिच्या बिझनेस पोर्टफोलिओत, म्हणजे व्यवसायाची सगळी खाती एकत्र सांभाळायच्या जागेत, पेज तुमच्या नावावर ठेवून एजन्सीला फक्त पार्टनर म्हणून काम करण्याची परवानगी देता येते. जाहिरात खातंही तुमच्याच पोर्टफोलिओत उघडायला लावा. एजन्सीच्या खात्यातून जाहिराती चालल्या, तर करार संपल्यावर त्या जाहिरातींची सगळी जुनी माहिती तिकडेच राहते.

सावधान: "तुमच्या पेजने कॉपीराइटचा भंग केला आहे, २४ तासांत खातं बंद होईल, इथे क्लिक करा" असा मेसेज इनबॉक्समध्ये आला तर तो हमखास फसवणुकीचा समजा. इन्स्टाग्रामने पाठवलेले अलीकडचे खरे ईमेल अकाउंट्स सेंटरमधल्या पासवर्ड आणि सुरक्षेच्या विभागात दिसतात. तिथे नोंद नसेल तर तो ईमेल खोटा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, समोरचा स्वतःला कंपनीचा माणूस म्हणवत असला तरीही.

तपासा: आज तुमचा मोबाइल हरवला तर उद्या दुसऱ्या मोबाइलवरून सगळ्या खात्यांत जाता येईल का? उत्तर ठामपणे "हो" नसेल तर इथेच थांबा.

## टप्पा २: एकच मुख्य माध्यम निवडा

पाच ठिकाणी अर्धवट हजेरी लावण्यापेक्षा एका ठिकाणी नीट उभं राहा. निवडीचा नियम सोपा आहे. वस्तू दिसायला बोलकी असेल तर इन्स्टाग्राम. समजावून सांगावी लागणारी, लोक शोधत येतात अशी सेवा असेल तर यूट्यूब. ग्राहक म्हणजे दुसऱ्या कंपन्या असतील तर लिंक्डइन. तरीही ठरत नसेल तर चांगल्या दहा ग्राहकांना विचारा, "असं काही हवं असेल तर तुम्ही आधी कुठे बघता?"

दुकानात किंवा कार्यशाळेत ग्राहक येत असतील तर सोबत गूगल बिझनेस प्रोफाइलही करून ठेवा. नकाशावर नाव, वेळ, फोन आणि फोटो बरोबर असणं ही रोजच्या मेहनतीची गोष्ट नाही, एकदा नीट केलं की बराच काळ पुरतं. अभिप्राय मागा, पण त्याबदल्यात सूट किंवा भेट देऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही.

## टप्पा ३: चौकशीची वाट आधी बांधा

सगळ्या लेखात मी सर्वाधिक जोर देईन तो या टप्प्यावर. पोस्ट पाहून माणूस तयार झाला, आता तो नेमकं काय करणार? इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबली जात नाही. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंकही ३१ ऑगस्ट २०२३ पासून दाबता येत नाहीत. तरी लोक तिथे लांबलचक लिंक चिकटवत राहतात.

वाट एकच ठेवा: प्रोफाइलवरची लिंक, ती दाबली की व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर थेट गप्पा सुरू. इन्स्टाग्रामच्या बायोत, म्हणजे प्रोफाइलवरच्या छोट्या ओळखीत, पाचपर्यंत लिंक देता येतात, पण पर्याय वाढले की माणूस घुटमळतो. एक किंवा फार तर दोन पुरेत.

आता व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप मांडून घ्या.

१. स्वागताचा मेसेज लिहा. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवस संवाद नसलेल्याला, तो आपोआप जातो. त्यात स्वतःचं कौतुक नको. उत्तर कधी मिळेल आणि ग्राहकाने कोणती माहिती पाठवून ठेवावी, एवढंच लिहा.

२. कामाच्या वेळेबाहेर जाणारा वेगळा मेसेज लावा.

३. वहीतल्या प्रश्नांची क्विक रिप्लाय, म्हणजे आधीच लिहून ठेवलेली उत्तरं, तयार करा. पन्नासपर्यंत ठेवता येतात आणि तिरकी रेघ टाइप केली की यादी समोर येते. पण आलं तसं पाठवू नका, पाठवण्याआधी ग्राहकाचं नाव आणि एखादा संदर्भ जोडा.

४. लेबलं लावा: नवी चौकशी, माप आलं, किंमत कळवली, ऑर्डर, नाही म्हणाले. नंतरचा सगळा हिशेब यावरच चालेल.

५. कॅटलॉग भरा. ५०० वस्तूंची मर्यादा आहे, सुरुवातीला सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या आठ-दहाच नीट भरा.

उत्तर कसं द्यायचं ते एका उदाहरणातून पाहू. पोस्टखाली कमेंट येते: "किंमत?"

नेहमीचं उत्तर असतं, "इनबॉक्स पाहा" किंवा "कॉल करा". एका शब्दात विचारलेल्या माणसाला तुम्ही आणखी एक काम लावता आणि तो पुढे सरकतो. त्याऐवजी:

"नमस्कार. फोटोतलं कपाट सात फूट उंच आणि चार फूट रुंद आहे. या मापात साधारण अमुक ते अमुक किंमत होते, फरक आतल्या खणांच्या संख्येमुळे पडतो. बसवण्याचा खर्च यात धरला आहे. तुमच्या भिंतीची रुंदी सांगता का? आजच नेमका आकडा कळवतो."

या उत्तरात किंमतपट्टा आहे, फरक का पडतो ते आहे, काय धरलं आहे ते आहे आणि शेवटी सहज उत्तर देता येईल असा एकच प्रश्न आहे. शिवाय ते कमेंटमध्येच दिल्यामुळे न विचारता वाचून जाणाऱ्यांनाही कळतं. स्पर्धकाला किंमत कळेल ही भीती मला पटत नाही. त्याला हवी असेल तर तो ग्राहक बनूनही विचारू शकतो. लपवलेल्या किमतीने दुरावतो तो खरा ग्राहकच.

किंमत कळवल्यावर शांतता पसरली तर दोन-तीन दिवसांनी एकदाच विचारा, तेही नवी माहिती देऊन: त्याच मापाच्या दुसऱ्या कपाटाचा फोटो, किंवा पुढची रिकामी तारीख. त्यानंतर पाठलाग करू नका.

तक्रार आली तर कमेंट पुसू नका. तिथेच दखल घ्या, ऑर्डरचा तपशील खासगीत मागा आणि प्रश्न सुटल्यावर पुन्हा त्याच कमेंटखाली तसं लिहा. शिवीगाळ किंवा कोणाची खासगी माहिती असेल तरच काढा.

सावधान: मिळतील ते नंबर गोळा करून मेसेजचा मारा करू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट करायला सुरुवात केली तर नंबरच बंद होऊ शकतो, आणि त्या नंबरवरची सगळी ओळख त्यासोबत जाते.

तपासा: नातेवाइकाच्या मोबाइलवरून, तुमचं नाव माहीत नसल्यासारखं, प्रोफाइलपासून उत्तर मिळेपर्यंत सगळी वाट चालून पाहा. कुठे अडलं ते लिहा आणि दुरुस्त करा.

## टप्पा ४: प्रोफाइल

इन्स्टाग्रामच्या बायोत १५० अक्षरं मिळतात. "गुणवत्ता हाच आमचा ध्यास" यात ती वाया घालवू नका. काय करता, कोणासाठी करता, कुठवर सेवा देता आणि पुढे काय करायचं, हे चार मुद्दे त्यात बसवा. नावाच्या रकान्यात व्यवसायाच्या नावाशेजारी कामाचं नावही लिहा, म्हणजे "कपाट" शोधणाऱ्यालाही तुम्ही सापडाल.

खातं व्यावसायिक प्रकारात आजच बदला. इनसाइट्सचे आकडे, म्हणजे पोस्ट किती जणांनी पाहिली वगैरे माहिती, खातं बदलल्यानंतरच्याच काळाचे मिळतात, आधीचे मिळत नाहीत. मात्र बिझनेस खात्याला सगळी लोकप्रिय गाणी वापरता येत नाहीत, हे लक्षात ठेवा. बाहेरून गाणं जोडून टाकलं तर आवाज बंद केला जाऊ शकतो.

तीन पोस्ट पिन करा, म्हणजे कायम सर्वांत वर दिसतील अशा ठेवा (अजून पोस्ट नसतील तर टप्पा ५ नंतर): तुम्ही काय करता, काम कसं होतं, आणि झालेल्या कामाचा पुरावा.

## टप्पा ५: आता पोस्ट

वही उघडा. एक प्रश्न म्हणजे एक पोस्ट.

समजा प्रश्न आहे, "दार काही महिन्यांनी खाली लोंबतं का?" व्हिडिओ असा घ्या. मोबाइल बिजागरीच्या उंचीवर, हातभर अंतरावर स्थिर ठेवा. पहिल्या क्षणालाच लोंबलेलं जुनं दार दाखवा, खालची कडा चौकटीला घासताना. पडद्यावर एकच ओळ: "उंच दाराला दोन बिजागऱ्या का पुरत नाहीत?" मग नवं दार, त्यावरच्या बिजागऱ्यांवरून फिरणारं बोट. स्क्रू थोडा फिरवला की दार केसभर वर येतं, ते जवळून दाखवा. शेवटी हात दार ढकलतो आणि ते शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात सावकाश, आवाज न करता मिटतं. बोलणं साधं, तुम्ही ग्राहकाशी बोलता तसं. लोगोची फिरती पाटी सुरुवातीला अजिबात नको.

असा व्हिडिओ लोक शेवटपर्यंत पाहतात आणि घरात कपाट करायचं असलेल्या दुसऱ्याला पाठवतात. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जाहीरपणे सांगितलं आहे की किती वेळ पाहिलं जातं, किती लाइक होतात आणि किती जण पुढे पाठवतात यांना रीच ठरवताना मोठं वजन असतं. म्हणून शूट करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे कोण कोणाला पाठवेल? उत्तर सुचत नसेल तर ती कल्पना सोडून द्या. नुसत्या शुभेच्छांच्या आणि सुविचारांच्या पोस्ट इथेच गळतात.

तांत्रिक बाजू थोडक्यात. रील आणि शॉर्ट्ससाठी उभा व्हिडिओ, ९:१६, म्हणजे १०८० बाय १९२० पिक्सेल. अक्षरं मधल्या भागात ठेवा, कारण उजवीकडे बटणं आणि खाली कॅप्शन येतं. जानेवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवरचे चौकोन उभे झाले आहेत, तेव्हा व्हिडिओचं मुखपृष्ठ (कव्हर) त्या मापाने तपासा. शॉर्ट्स १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतात, पण मिळतात म्हणून तीन मिनिटं भरू नका. उजेड समोरून घ्या, पाठीमागे खिडकी नको. बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून सबटायटल्स द्या आणि त्यातलं शुद्धलेखन स्वतः तपासा. दुसऱ्या अ‍ॅपचा वॉटरमार्क (व्हिडिओवर उमटलेलं नाव किंवा चिन्ह) असलेला व्हिडिओ तसाच टाकू नका.

कॅप्शनच्या पहिल्या ओळीत मुद्दा यावा, बाकी मजकूर "आणखी" दाबल्यावरच दिसतो. हॅशटॅगच्या भिंती उभारण्याचे दिवस गेले, इन्स्टाग्रामने तर डिसेंबर २०२४ मध्ये हॅशटॅग फॉलो करण्याची सोयच काढून टाकली. त्यापेक्षा वस्तूचं नाव, साहित्य, माप साध्या शब्दांत लिहा. व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट जुलै २०२५ पासून गूगलच्या शोधातही दिसू लागल्या आहेत, आणि तिथे हेच शब्द कामी येतात.

सावधान: ग्राहकाच्या घरातला फोटो त्याच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका, एक मेसेजही पुरतो. फोटोतली नावाची पाटी, गाडीचा नंबर, भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो झाका.

## टप्पा ६: झेपेल तेवढंच वेळापत्रक

पहिल्या महिन्यात रोज आणि दुसऱ्या महिन्यात शून्य, यापेक्षा वर्षभर आठवड्याला दोन चांगल्या पोस्ट कधीही बऱ्या. आठवड्यातली एक दुपार शूटसाठी ठेवा, सहा-आठ तुकडे एकदम घ्या आणि मेटा बिझनेस सूटमधून वेळ लावून टाका. स्टोरी २४ तासांत जाते, तिथे कामाच्या ठिकाणचं रोजचं कच्चं चित्रण चालतं. पोस्ट गेल्यावर पुढचा अर्धा तास कमेंटसाठी मोकळा ठेवा.

फॉलोअर विकत घेऊ नका. त्या खात्यांमागे खरेदी करणारा माणूस नसतो, आणि आपली पोस्ट खऱ्या लोकांना आवडते का हे कळायचा मार्गही त्यामुळे बंद होतो.

## टप्पा ७: पैसे देऊन जाहिरात

इथे यायची अट एकच: किमान दोन-तीन पोस्टनी पैसे न देता चौकशा आणलेल्या असाव्यात. जाहिरात त्याच पोस्टची करा. फुकट न चाललेली पोस्ट पैसे ओतून चालवायला जाणं ही सर्वांत महागडी चूक आहे.

१. पेजवरच्या बूस्टच्या बटणाऐवजी अ‍ॅड्स मॅनेजर शिकून घ्या. त्यात तीन पातळ्या असतात. कॅम्पेनमध्ये उद्देश ठरतो, अ‍ॅड सेटमध्ये प्रेक्षक आणि बजेट, अ‍ॅडमध्ये व्हिडिओ आणि मजकूर.

२. उद्देश विचारपूर्वक निवडा. लाइक आणि कमेंट मिळवण्याचा उद्देश दिला तर लाइक करणारी माणसंच मिळतील. चौकशी हवी असेल तर मेसेज येण्यासाठीची मांडणी करा.

३. ज्या भागात काम देता येतं तेवढाच भाग निवडा.

४. बजेट वहीतल्या नफ्यावरून ठरवा. १०० चौकशांतून ८ ऑर्डर होत असतील तर एका ऑर्डरचा जाहिरातखर्च एका चौकशीच्या खर्चाच्या साडेबारा पट होतो. हा आकडा एका ऑर्डरमागे उरणाऱ्या रकमेच्या बराच खाली हवा. नसेल तर आधी उत्तर देण्याची पद्धत सुधारा. आठाच्या बारा ऑर्डर झाल्या तर बजेट न वाढवताही खर्च एक तृतीयांशाने उतरतो.

५. रोज सेटिंग बदलू नका. मेटाची यंत्रणा आठवड्यात साधारण ५० अपेक्षित कृती मिळेपर्यंत शिकत असते आणि मोठा बदल केला की ते शिकणं पुन्हा सुरू होतं. आठवडाभर थांबा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला.

तपासा: कामाची क्षमता भरत आली की जाहिरात त्याच दिवशी थांबवा.

## टप्पा ८: महिन्याचा हिशेब

साध्या तक्त्यात पाच रकाने पुरतात: किती चौकशा, कोणत्या पोस्टवरून, किती जणांना किंमत कळवली, किती ऑर्डर, पहिलं उत्तर जायला सरासरी किती वेळ. फॉलोअर आणि व्ह्यूज वेगळ्या कोपऱ्यात लिहा, निर्णय त्यांवर घेऊ नका. वेबसाइट असेल तर प्रत्येक लिंकला यूटीएम, म्हणजे ती कुठे टाकली होती ते सांगणारी खूण, जोडा, म्हणजे अ‍ॅनालिटिक्समध्ये ग्राहक कुठून आला ते वेगळं दिसेल. आणि प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारा, "आमच्याबद्दल कुठे कळलं?" पाहिलं इन्स्टाग्रामवर पण शोधलं गूगलवर, हे कोणताही आकडा तुम्हाला सांगणार नाही, ग्राहक सांगेल.

तक्ता वाचताना गळती कुठे आहे ते पाहा. व्ह्यूज आहेत पण चौकशा नाहीत, तर टप्पा ४ आणि पोस्टचा विषय तपासा. चौकशा आहेत पण किंमत कळवण्यापर्यंत गाडी जात नाही, तर टप्पा ३. किंमत कळल्यावर माणसं थांबत असतील तर पोस्टमध्ये किंमतपट्टा आधीच सांगा. चौकशा कमी होतील, पण येतील त्या कामाच्या असतील.

एका माध्यमाला सलग तीन महिने द्या. तरीही ऑर्डर आली नाही तर दुसरं माध्यम निवडा, पण जुनं खातं पुसू नका. तिथे सध्याच्या संपर्काची एक पोस्ट पिन करा, टू-फॅक्टर सुरू ठेवा आणि महिन्यातून एकदा इनबॉक्स उघडून पाहा.